दादर-माटुंगा: एका उपनगराची वस्ती आणि तिची दाटी

शहरांचे इतिहास आपल्याकडे बहुधा किल्ले, देवळें, बंदरें आणि सत्तांतरें यांच्या अनुरोधानें लिहिले गेले आहेत. मुंबईचेंच उदाहरण घ्या. सात बेटें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलीं, कापसाच्या तेजीनें कोण कुबेर झाले आणि मंदीनें कोण धुळीस मिळाले, कोणत्या गव्हर्नरानें कोणता रस्ता आंखला, ही माहिती शाळेंतल्या मुलालाहि थोडीबहुत असते. पण त्याच काळांत त्या शहरांतील एका खोलींत किती माणसें निजत होतीं, त्या खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत होती कीं मोकळी हवा, आणि हें चित्र पुढील शंभर वर्षांत कसें पालटलें, हा विषय इतिहासाच्या इभ्रतीला शोभणारा नाहीं अशी कांहींशी समजूत असावी. आमच्या मतें ती आतां सोडून दिली पाहिजे.

प्रस्तुत लेखांत दादर-माटुंगा या एका उपनगराच्या वस्तीचा इतिहास पाहावयाचा आहे. हेंच उपनगर निवडण्याचें कारण उघड आहे. मुंबईंतील बहुतेक वस्त्या आपोआप वाढल्या. ही वस्ती मात्र दाटीवरचा उपाय म्हणून, कागदावर आंखून, कायद्याच्या बळावर निर्माण केली गेली. रोग आणि औषध या दोहोंचा इतिहास एकाच ठिकाणीं वाचावयास मिळावा अशा जागा थोड्या असतात.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ‘दाटी’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. एका एकर जमिनीवर किती माणसें राहतात, ही एक दाटी. एका खोलींत किती माणसें राहतात, ही दुसरी. आणि एका एकरावर किती बांधकाम उभें आहे, ही तिसरी. या तिघी सख्ख्या बहिणी दिसल्या तरी त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. चार मजली चाळींत एकेका खोलींत आठ माणसें कोंबलीं म्हणजे पहिली व दुसरी वाढतात, तिसरी आहे तेथेंच राहते. त्याच जागीं तीस मजल्यांचा मनोरा उभारून एकेका प्रशस्त बिऱ्हाडांत तीन माणसें ठेवलीं, तर तिसरी गगनाला भिडते, दुसरी जवळजवळ नाहींशी होते, आणि पहिली कधीं कधीं पूर्वीपेक्षां कमीहि भरते. एकीचा आंकडा दाखवून दुसरीविषयीं निष्कर्ष काढण्याची युक्ति नगररचनेच्या वादांत फार जुनी आहे, आणि ती अजून थकलेली नाहीं.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांना ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळले, तेथून या कथेला प्रारंभ होतो. त्या वेळीं मांडवी, कुंभारवाडा, नागपाडा, भुलेश्वर या भागांत लोकसंख्या अशी साठली होती कीं कांहीं विभागांत दर एकरीं पांचशेंहून अधिक माणसें राहत. १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली होती; १९०१ च्या शिरगणतींत ती ७,७६,००६ वर आली. हा उतार मृत्यूचा जसा होता तसा पळापळीचाहि होता. साथीचा जोर असतांनाच डोकीं मोजलीं गेल्यामुळें हा आंकडा विश्वसनीय नाहीं असें म्युनिसिपालिटीलाहि वाटलें असावें. कारण १९०६ मध्यें निराळी गणती करण्यांत आली आणि तींत ९,७७,८२२ माणसें मिळालीं. पांच वर्षांत दोन लाखांची भर! रोगाला भिऊन गेलेलीं माणसें पोटाला भिऊन परत आलीं होतीं, आणि परत येऊन त्याच खोल्यांत राहिलीं होतीं.

प्लेग पिसवांमार्फत पसरतो हें १८९६ सालीं कोणालाच ठाऊक नव्हतें. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें तें १८९८ मध्यें कराचींत दाखविलें, आणि पुढें कित्येक वर्षें तें पुष्कळांनीं मानलें नाहीं. सरकारच्या मतें रोगाचें मूळ घरांत होतें: ओली जमीन, कोंदट हवा, अंधार. म्हणजे पुढें जी प्रचंड उलथापालथ झाली ती एका अपुऱ्या निदानावर आधारलेली होती. तथापि तिच्यांत एक अर्थ होता. अंधाऱ्या, दाटीच्या खोलींत जो रोग खरोखर पोसला जातो तो क्षय. आणि प्लेगसाठीं म्हणून उघडलेल्या खिडक्यांनीं क्षयाविरुद्ध थोडेंबहुत काम केलेंच.

१८९८ च्या कायद्यानें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. म्युनिसिपालिटीपासून स्वतंत्र असलेल्या या संस्थेला जमिनी सक्तीनें घेण्याचा, रोगट वस्त्या पाडण्याचा आणि नव्या वसविण्याचा अधिकार मिळाला. ट्रस्टचे दोन हात होते. एका हातानें त्यानें नागपाड्यापासून पाडापाडीला सुरवात केली, आणि प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते जुन्या वस्तींतून आरपार नेले. समुद्राचा वारा शहराच्या पोटांत जावा हा उद्देश. दुसऱ्या हातानें त्यानें बेटाच्या उत्तर टोंकाकडील शेतें, नारळीच्या वाड्या आणि मिठागरें यांवर उपनगरांचे नकाशे आंखले. १८९९-१९०० च्या सुमारास तयार झालेल्या या योजनांप्रमाणें दादर-माटुंगा येथें ६० हजार, शीव-माटुंगा येथें तितकीच, आणि शिवडी-वडाळा येथें ८५ हजार माणसें राहावयाचीं होतीं. एकूण दोन लक्ष पांच हजार. त्या काळच्या मुंबईचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. चारांतला एक मुंबईकर उचलून भाताच्या खाचरांत नेऊन ठेवावयाचा, असा हा संकल्प होता. त्याच्या धाडसाचें आम्हांस आजहि नवल वाटतें.

परंतु माणसें नकाशाप्रमाणें उठून जात नाहींत. जमिनीच्या मालकांनीं मोबदल्यासाठीं वर्षानुवर्षें दावे चालविले; जमीन ताब्यांत आली तरी ती सखल, पावसाळ्यांत तुंबणारी, तिच्यांत भराव घालावयाचा; रस्ते, गटारें, पाणी यांना वेळ लागला; आणि तोंवर पहिलें महायुद्ध येऊन ठेपलें. योजना मंजूर झाल्यावर जवळजवळ दोन तपें दादर-माटुंग्याचा बराच भाग हा आंखलेल्या रस्त्यांचें एक ओसाड जाळें होता. वस्ती खऱ्या अर्थानें जमली ती १९२० नंतर. १९२५ मध्यें मुंबईची पहिली विजेची आगगाडी धांवली, १९२८ मध्यें पश्चिमेकडील मार्गावरहि वीज आली, आणि दोन्ही लोहमार्गांवर स्टेशन असलेलें दादर एकाएकीं शहराच्या हाताशीं आलें. ट्रॅम किंग्जवेनें, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गानें, येत असे. ट्रॅम १९६४ मध्यें बंद झाली, तरी ‘दादर टी. टी.’ या नांवांत तिचा शेवटचा थांबा अद्याप उभा आहे; तीं दोन अक्षरें कशाचीं, हें तेथें रोज उतरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना सांगतां येतें.

या उपनगराच्या रचनेमागें जी बुद्धि होती ती पाहण्यासारखी आहे. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं घरांतील प्रकाश व हवा या विषयाचा ध्यासच घेतला होता. त्यांचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा म्हणून प्रसिद्ध आहे. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनांत वर एक रेषा काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताहि भाग त्या रेषेच्या वर येतां कामा नये. भूमितीच्या हिशेबानें याचा अर्थ इतकाच कीं समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी जागा मध्यें मोकळी पाहिजे. चाळीस फूट उंचीला वीस फूट. इंग्लंडांत पंचेचाळीस अंशांचा, म्हणजे उंचीइतक्याच मोकळ्या जागेचा, आदर्श मानीत. मुंबईची जमीन महाग, म्हणून येथें साडेत्रेसष्टावर तडजोड झाली. तडजोड असली तरी तिच्या मुळाशीं एक तत्त्व होतें, तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. ऊन ही घरमालकाच्या औदार्याची बाब नसून मोजून मागतां येईल असा भाडेकऱ्याचा हक्क आहे, हें तें तत्त्व होय. हिंदु कॉलनीच्या गल्ल्या, पारशी कॉलनीच्या बागा, किंग्ज सर्कलभोंवतालचे घेर, तेथील दोन-तीन मजल्यांपलीकडे सहसा न गेलेल्या इमारती आणि त्यांच्या चारी बाजूंस सोडलेले मोकळे पट्टे, हीं सर्व त्या कोनाचींच अपत्यें आहेत. सौंदर्यदृष्टीनें त्यांचें कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. तें सौंदर्य मूळचें आरोग्यखात्याचें आहे, हें मात्र विसरलें जातें.

आतां या घरांत राहावयास कोण आलें? येथें आमच्या विषयाचा गाभा आहे. नागपाड्यांत किंवा मांडवींत ज्याची खोली पाडली गेली तो मनुष्य माटुंग्याला आलाच नाहीं. तो गोदींत हमाल होता, बाजारांत हातगाडी ओढीत होता. पहांटे कामावर हजर व्हावयाचें तर त्याला कामाच्या ठिकाणापासून पायीं जातां येईल अशा अंतरावर राहणें भाग होतें. रोजचें गाडीभाडें आणि ब्लॉकाचें मासिक भाडें या दोन्ही गोष्टी त्याच्या आंवाक्याबाहेरच्या होत्या. तो शेजारच्या, अद्याप न पाडलेल्या, चाळींत शिरला, आणि तेथील एकेका खोलींत दोन माणसें वाढलीं. ट्रस्टच्या पहिल्या वीस वर्षांचा हिशेब मांडला तर पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक भरतात. म्हणजे ज्या संस्थेचा जन्म दाटी मोडण्यासाठीं झाला तिनें जुन्या शहरांत दुसऱ्या प्रकारची दाटी, खोलींतली दाटी, कांहीं काळ वाढविलीच. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळीं मुंबईंतील सुमारें दोन तृतीयांश लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते आणि दर खोलींत सरासरी चाराहून अधिक माणसें होतीं. त्याच सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांमागें सहाशेंहून अधिक वर्षाच्या आंत दगावलीं, आणि एकखोली बिऱ्हाडांत हें प्रमाण आठशेंच्याहि वर होतें, असें सरकारी आंकडे सांगतात. जन्माची नोंद अपुरी होई, कित्येक स्त्रिया बाळंतपणाला गांवीं जात, त्यामुळें हे आंकडे कांहींसे फुगलेले धरले पाहिजेत. पण किती फुगलेले धरले तरी ते वाचून मान खालीं घालावी लागते.

उपनगरांत आला तो कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर, रेल्वेंतील व पेढ्यांतील नोकरदार. म्हणजे, सरळ सांगावयाचें तर, या मासिकाच्या वाचकांचे आजे-पणजे आले. गिरगांवांतून मराठी कुटुंबें दादरला सरकलीं, माटुंग्यास दक्षिणेकडील मंडळींनीं आपलीं देवळें, शाळा व खाणावळी यांसह वस्ती केली, आणि ट्रस्टच्याच नोकरींतील इंजिनियर मंचेरजी जोशी यांनीं मध्यम स्थितींतील पारशी कुटुंबांसाठीं १०३ भूखंड राखवून घेतले. पश्चिमेस माहीमच्या वाड्यांच्या जागीं विस्तीर्ण मैदान राखण्यांत आलें. तें १९२५ मध्यें खुलें झालें, आणि १९२७ मध्यें अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नानें त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें.

या मध्यमवर्गाबरोबर एक नवी वस्तु आली, तिचें नांव ‘ब्लॉक’. गिरगांवच्या चाळींत खोली आपली, पण गॅलरी, नळ आणि संडास सर्वांचे. ब्लॉकांत हीं सारीं एका दाराच्या आंत आलीं. आज हें इतकें स्वाभाविक वाटतें कीं त्यांत क्रांति होती हें पटणें कठीण. सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनेप्रमाणें ज्याचें स्थान घरापासून दूर, परसांत किंवा चाळीच्या टोंकाला, तो संडास स्वयंपाकघरापासून चार पावलांवर येऊन बसला, आणि हिंदु कुटुंबांनीं तो थोड्याशा कुरकुरीनंतर मान्य केला. जें काम सुधारकांच्या व्याख्यानांनीं झालें नसतें तें इमारतीच्या नकाशानें झालें! त्याच्या मोबदल्यांत गॅलरी गेली. चाळींत दाटी होती पण दार बंद नव्हतें. ब्लॉकांत दाटी नव्हती आणि दार बंद झालें. शेजारधर्माची ही हानि भरून काढण्यासाठींच कीं काय, दादरनें वाचनालयें, व्याख्यानमाला, व्यायामशाळा आणि सार्वजनिक उत्सव यांचा इतका मोठा संसार मांडला.

ट्रस्टच्या दोन हातांमधलें अंतर एका थोर पुरुषाच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. डॉ. आंबेडकर यांच्या आयुष्याचीं वीसाहून अधिक वर्षें परळ येथें, ट्रस्टनेंच कामगारांसाठीं बांधलेल्या चाळींतील खोल्यांत गेलीं. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांनीं हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें, आणि तें मुख्यतः ग्रंथांसाठीं बांधलें. परळची ती चाळ आणि हिंदु कॉलनी यांच्यामधलें अंतर पायीं तासाभराचेंहि नाहीं. तें ओलांडावयास लोकोत्तर बुद्धि, परदेशांतील पदव्या आणि बॅरिस्टरी इतकी सामग्री लागली. चाळींतील इतर शेजाऱ्यांना तें ओलांडण्याची सोय ट्रस्टच्या कोणत्याहि योजनेंत नव्हती.

कामगारांसाठीं निराळा प्रयत्न झाला तो सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत. १९२० मध्यें निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें पन्नास हजार खोल्यांचा बेत केला आणि सुमारें सोळा हजारांवर तो आटोपला. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथील त्या २०७ चाळी ‘बीडीडी’ या आद्याक्षरांनीं ओळखल्या जातात. त्यांपैकीं नायगांवच्या ४२ चाळी दादरच्या अगदीं शेजारीं आहेत. प्रारंभीं त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या: भाडें परवडेना आणि सिमेंटाच्या जाळ्यांतून ऊन आंत येईना. एका बाजूस साडेत्रेसष्ट अंशांची काटेकोर मोजणी, आणि तेथून हांकेच्या अंतरावर सिमेंटाची जाळी! दोन्ही सरकारी, दोन्ही एकाच पिढीचीं.

उपनगर ज्यासाठीं आंखलें होतें तशा स्वरूपांत तें फार तर पंधरा वर्षें टिकलें. १९३१ मध्यें, मंदीच्या दिवसांत, मुंबईची लोकसंख्या ११ लक्ष ६१ हजार होती. १९४१ मध्यें ती १४ लक्ष ९० हजार झाली. आणि १९५१ मध्यें जुन्या शहराचीच २३ लक्ष २९ हजार. वीस वर्षांत दुप्पट! दुसऱ्या महायुद्धानें कारखाने फुगविले, फाळणीनें निर्वासित आणले. शीवच्या कोळीवाड्यास पंजाबी व सिंधी कुटुंबें लष्करी बराकींत उतरलीं. घरबांधणी मात्र युद्धाच्या सामानटंचाईनें थंडावली. मग काय व्हावयाचें तें झालें. तीन खोल्यांच्या ज्या ब्लॉकांत एक कुटुंब राहावें अशी ऑर यांच्या पिढीची कल्पना, त्यांत दोन भावांचे संसार, एक विधवा आत्या, आणि रत्नागिरीकडून शिक्षणासाठीं आलेला एक भाचा राहूं लागला. बाहेरच्या खोलींत पोटभाडेकरू आला. इमारतींची उंची तीच, मोकळे पट्टे तेच, ऊन तेंच; पहिल्या दोन्ही दाट्या मात्र तिसरीला कळूं न देतां वाढल्या. आणि एवढें मात्र कबूल केलें पाहिजे कीं मध्यमवर्गाचे मराठी वाङ्मय, नाटक, राजकारण आणि क्रिकेट यांतील ज्या दादरचा आपण अभिमान वाहतों तें दादर याच दाटींत घडलें.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें हें चित्र जणुं गोठवून टाकलें. भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलें गेलें. युद्धकाळांतील नफेखोरीविरुद्ध तो उपाय न्याय्य होता, यांत शंका नाहीं. परंतु तात्पुरता म्हणून केलेला कायदा अर्धें शतक चालला. मालकाला दुरुस्ती परवडेना, म्हणून ती होईना; भाडेकऱ्याला सोडणें परवडेना, म्हणून तो हलेना; आणि या दोघांच्या मध्यें ‘पागडी’ नांवाची एक तिसरीच, कायद्याला नामंजूर पण सर्वांना मान्य, अशी मालकी उत्पन्न झाली. भिंतींना तडे गेले. १९६९ मध्यें जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं कायदा होऊन मंडळ निघालें, तेव्हां कर बसलेल्या अशा इमारतींची संख्या १९ हजारांवर भरली.

मध्यंतरीं उपनगर हा शब्दच दादरला लागू पडेनासा झाला. १९५० व १९५७ मध्यें मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, आणि जें एके काळीं टोंक होतें तें मध्य झालें. पुढील पिढीनें दादरशीं तेंच केलें जें दादरनें गिरगांवाशीं केलें होतें. धाकटे भाऊ पार्ल्याला, बोरिवलीला, मुलुंडला, डोंबिवलीला गेले. आंकडे याची साक्ष देतात. जुन्या शहराची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या १९७१ मध्यें ३० लक्ष ७० हजार, १९८१ मध्यें ३२ लक्ष ८५ हजार, १९९१ मध्यें ३१ लक्ष ७५ हजार, २००१ मध्यें ३३ लक्ष ३८ हजार आणि २०११ मध्यें ३० लक्ष ८५ हजार. चाळीस वर्षें ती जवळजवळ जागच्या जागीं हेलकावत राहिली, आणि शेवटच्या दहा वर्षांत अडीच लाखांनीं उतरली. त्याच अवधींत काळबादेवी-भुलेश्वराचा विभाग सुमारें दोन लाखांवरून १ लक्ष ६६ हजारांवर आला. प्लेगच्या काळीं ज्या दाटीनें सरकारची झोंप उडविली ती दुकानें आणि गोदामें यांनीं निमूटपणें कमी केली. उलट उत्तरेकडील उपनगरांत १९५१ मध्यें साडेसहा लाखांच्या आसपास माणसें होतीं, तीं २०११ मध्यें ९३ लक्ष ५७ हजार झालीं. २०२१ ची शिरगणती त्या सालीं झाली नाहीं, म्हणून याच आंकड्यांवर बोलणें भाग आहे.

आतां तिसऱ्या बहिणीकडे वळूं. बेटावर माणसें वाढावयाचीं थांबलीं आणि नेमकें त्याच काळांत बांधकाम वाढूं लागलें. १९६७ मध्यें मंजूर झालेल्या विकास आराखड्यानें ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ आणला: भूखंडाच्या किती पट क्षेत्र बांधावें याचें प्रमाण. शहरांत निवासासाठीं तें १.३३ ठरलें. कोनाची जागा अशा रीतीनें गुणाकारानें घेतली. १९९१ च्या नियमांनीं जुन्या, कर बसलेल्या इमारतींना अडीचपट बांधकामाची सवलत दिली. ७० टक्के भाडेकऱ्यांची संमति घ्यावी, त्यांना नवीं घरें विनामूल्य द्यावीं, आणि उरलेलें क्षेत्र बिल्डरानें विकून खर्च व नफा काढावा. पुढें अडीचाचे तीन झाले. सभोंवारच्या मोकळ्या जागांच्या नियमांतहि सूट मिळत गेली. या योजनेचे विरोधक तिला निव्वळ लोभ म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. पन्नास वर्षें गोठलेल्या भाड्यानें खिळखिळ्या झालेल्या इमारतींत जीव मुठींत धरून राहणाऱ्यांना दुसरें कोणी पैसे देत नव्हतें. परंतु घरदुरुस्तीचा खर्च आकाशाच्या विक्रींतून भागवावयाचा असें एकदां ठरलें म्हणजे इमारतीची उंची रहिवाशांच्या गरजेवर ठरत नाहीं, जमिनीच्या भावावर ठरते. तीनशें फुटांच्या मनोऱ्याला ऑर यांच्या हिशेबानें दीडशें फूट मोकळें अंतर पाहिजे. दादरच्या जुन्या भूखंडांत तें मिळणें अशक्य आहे.

अशा वेळीं ‘लोकसंख्या वाढते आहे, म्हणून उंच बांधलेंच पाहिजे’ हें विधान फार ऐकूं येतें. बेटापुरतें तें आंकड्यांच्या विरुद्ध आहे, हें वर दाखविलें. वाढली आहे ती दर माणसामागची जागा, आणि तीहि सर्वांची नव्हे. येथें सरासरीच्या फसवेगिरीकडेहि लक्ष वेधलें पाहिजे. दादर पश्चिम, माहीम आणि धारावी हीं म्युनिसिपालिटीच्या एकाच विभागांत मोडतात. २०११ मध्यें त्याची लोकसंख्या सुमारें सहा लाख. शिवाजी पार्कचें मैदान आणि धारावीच्या गल्ल्या एकत्र करून काढलेली दाटीची सरासरी या दोहोंपैकीं कोणाचेंहि वर्णन करीत नाहीं. दादर पूर्व, माटुंगा, शीव आणि वडाळा यांचा दुसरा विभाग ट्रस्टच्या जुन्या योजनांच्या क्षेत्राशीं बराच जुळतो. तेथें २०११ मध्यें ५ लक्ष २९ हजार माणसें होतीं, म्हणजे दोन लाख पांच हजारांच्या मूळ अंदाजाच्या अडीच पटींहून अधिक. ट्रस्टचा नकाशा चुकला असें यावरून कोणी म्हणेल. पण हीं जास्तीचीं माणसें पारशी कॉलनीच्या बागांभोंवतीं शोधूं नयेत. अँटॉप हिलच्या उतारांवर आणि वडाळ्याच्या झोंपडपट्ट्यांत, नकाशानें ज्यांच्यासाठीं जागाच ठेवली नव्हती तेथें, त्यांतलीं पुष्कळ सांपडतील. नागपाड्यांतून हुसकलेला मनुष्य, किंवा त्याच्यासारखाच दुसरा कोणी, अखेर उपनगरांत पोंचला. मात्र ट्रस्टच्या भूखंडावर नव्हे.

नायगांव-वरळीच्या त्या बीडीडी चाळींचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. १६० चौरस फुटांच्या त्यांतल्या खोल्यांत तीन-चार पिढ्या गेल्या. २०१७ मध्यें त्यांच्या पुनर्बांधणीची योजना हातीं घेण्यांत आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचें, संडास-न्हाणीघर आंत, इमारती चाळीस मजल्यांच्या. या कुटुंबांपुरती खोलींतली दाटी शंभर वर्षांनंतर संपली, आणि तीहि भाडेकऱ्याला मालक करून. बाकीची जमीन विकावयाच्या मनोऱ्यांसाठीं आहे. तेव्हां दर एकरीं माणसें आणि दर एकरीं बांधकाम हीं दोन्ही तेथें एकदम वाढणार. चाळीसाव्या मजल्यावर ऊन भरपूर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकींतून आकाश किती अंशांनंतर दिसूं लागतें, हें मोजावयाला ऑर यांचा कोन अजूनहि पुरेसा आहे.